शिकारखान्यातले शाहू महाराज

२६ जून जवळ आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डवर कागद लागतो. निबंध स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा, दसरा चौकापर्यंत रॅली. मुद्दे ठरलेले असतात: आरक्षण, वसतिगृहं, राधानगरी धरण, खासबाग मैदान. पाचवीपासून तुम्ही हे लिहीत आलाय, त्यामुळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. आज आपण ते मुद्दे थोडे बाजूला ठेवू आणि निबंधातून नेहमी गळणारे शाहू महाराज बघू. रानात रमणारे, चित्ते पाळणारे, घोड्यावरून रानडुकराच्या मागं लागणारे, बंदुकीची आणि जनावराची नस ओळखणारे शाहू महाराज.

तुम्ही म्हणाल, आज हे सगळं गुन्ह्यात मोडतं, मग आठवायचं कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण महाराजांनी जी माणसं जवळ केली, त्यातली बरीच त्यांना दरबारात नाही, रानात भेटली. आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घावही शिकारीतच बसला. हा भाग गाळला, तर उरलेले शाहू महाराज अर्धेच कळतात.

कागलचा यशवंत

जन्म २६ जून १८७४. मूळ नाव यशवंतराव, घराणं कागलच्या घाटग्यांचं. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. मुधोळ म्हटलं की कुत्र्यांची आवड असलेल्यांचे कान लगेच टवकारतील. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी शिकारी कुत्री, ती या मुधोळची. म्हणजे आजोळच शिकारीच्या जनावरांसाठी नाव कमावलेलं. पण या आजोळच्या गोष्टी आईच्या तोंडून ऐकायचं त्यांच्या नशिबात नव्हतं. १८७७ मध्ये आई गेली, तेव्हा यशवंत जेमतेम तीन वर्षांचा होता.

१७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्याला दत्तक घेतलं आणि यशवंतचा शाहू झाला. वय नऊ पूर्ण, दहावं चालू. दोनच वर्षांत, १८८६ मध्ये, जन्मदाते वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. आधी शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग १८९० पासून धारवाडला, स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार हे तर होतंच, पण संस्थानिकाच्या मुलाला घोडा, भाला आणि बंदूक यावीच लागे. आपल्याकडं इंटर्नशिप असते ना, तसं समजा. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि २ एप्रिल १८९४ ला, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रं हातात आली. तुमच्या एसवायच्या वर्गातल्या पोरांच्या वयाचा राजा.

बार भरायचा म्हणजे काय?

आता थोडं बंदुकीबद्दल. कारण महाराज ज्या काळात शिकार करत होते, त्याच काळात बंदूक आतून पूर्ण बदलत होती.

त्याआधीची पिढ्यान्‌पिढ्यांची बंदूक म्हणजे ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे नाहीतर शिशाची गोळी, आणि गजानं ठासायचं. मागं छोटी टोपी बसवायची, जिला गावात अजून ‘केप’ म्हणतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार उडवला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोपर्यंत जनावर तरी पसार, नाहीतर तुमच्या अंगावर. आपण कोणाला ‘ठासून सांगितलं’ म्हणतो किंवा एखादा बेत ‘फुसका बार’ निघाला म्हणतो, तेव्हा बोलण्यात हीच भाषा असते.

मग आलं काडतूस. त्याचे भाग चार: पितळेची नळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन गोष्टी संपतात, पितळ मात्र शिल्लक राहतं. गंमत इथं आहे. बार उडताना हे पितळ आतल्या दाबानं फुगून बंदुकीच्या घरात घट्ट बसतं, त्यामुळं गरम वायू शिकाऱ्याच्या तोंडाकडं येत नाही. पुढच्याच क्षणाला ते थोडं आकसतं आणि नळी बाहेर काढता येते. म्हणजे ती परत वापरता येते. साच्यात दाबून तिचा आकार नीट करायचा, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून भरायची, वर गोळी बसवायची. यालाच हातानं काडतूस भरणं म्हणतात. अमेरिका-युरोपात हरणांच्या आणि शेताची नासधूस करणाऱ्या छोट्या जनावरांच्या शिकारीला जाणारे कित्येक जण आजही घरच्या टेबलावर हे करतात. तिथं तो एक छंदच आहे.

दारू मोजायचं माप आहे ग्रेन. मूळ अर्थ धान्याचा दाणा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. गुजरीतल्या जुन्या सोनाराला हे समजवायला वेळ लागणार नाही, कारण त्याची गुंज जवळपास दोन ग्रेनांची. सोनार गुंज चुकला तर गिऱ्हाइकाचं नुकसान. काडतूस भरणारा दोन-चार दाणे चुकला तर नळी फुटून स्वतःचे डोळे जायचे. म्हणून या कामाला घाई चालत नाही.

महाराज गादीवर आले त्याच्या दहा वर्षं आधी, १८८४ मध्ये, फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू बनवली होती. पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी कॉर्डाइट आणलं. हा बदल साधा नव्हता. काळ्या दारूचा बार उडाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा. वाघ पडला, पळाला की अंगावर येतोय, धूर विरेपर्यंत काहीच दिसायचं नाही. नव्या दारूनं तो पडदा गेला, गोळीचा वेग वाढला, नळीत काजळी धरणं कमी झालं. पण आपल्या हवेनं नवी अडचण काढली. उन्हात तापलेल्या काडतुसातला दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत व्यवस्थित चालणारं काडतूस आपल्या एप्रिल-मे महिन्यात धोकादायक ठरू शकतं. म्हणून इंग्रज कंपन्या उष्ण देशांसाठी जरा कमी दारूची काडतुसं वेगळी बनवायच्या. पावसाळ्यात उलटी रड. छर्ऱ्याच्या काडतुसाची कागदी नळी ओल धरून फुगायची आणि बंदुकीत जायचीच नाही. राधानगरीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, वेगळं सांगायला नको. अशा हवेत पितळी नळीच भरवशाची.

बंदूक कोणाची, हा राजकारणाचा प्रश्न

हे सगळं तंत्र झालं. पण काडतूस कोण भरणार, हे इंग्रज सरकारला फार महत्त्वाचं वाटत होतं. १८५७ ची धास्ती गेली नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सर्वसामान्य भारतीयाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. संस्थानिक, साहेब लोक यांना मोकळीक. शेतात रात्रभर डुकरं हाकणाऱ्या कुणब्याला मात्र परवानगी मागावी लागणार.

यातला एक किस्सा बंदुकांच्या इतिहासात फार गाजलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी पॉइंट ४५० मापाच्या रायफली लोकप्रिय होत्या. तेच माप लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं. सरकारला भीती वाटली की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या लोक जुन्या लष्करी काडतुसांत भरतील आणि आपल्यावरच रोखतील. म्हणून १९०७ च्या सुमारास ४५० मापाचा माल भारतात आणायला बंदी झाली. लंडनचे बंदूकवाले हुशार. त्यांनी लगेच ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापं काढली आणि संस्थानिकांच्या शिकारखान्यांना विकली. जगभर आज नावाजलेल्या या मापांमागं खरं कारण काय, तर भारतातला कोणीतरी माणूस घरात बसून काडतूस भरेल ही धास्ती.

शाहू महाराजांचं राज्य याच काळातलं. संस्थानिकाची शिकार नुसती मौज नव्हती. गव्हर्नर, रेसिडेंट, लष्करी अधिकारी पाहुणे म्हणून यायचे. कचेरीत अडलेली गोष्ट मचाणावर किंवा तंबूतल्या जेवणावर सुटायची. १८९९ मध्ये पंचगंगेवर वेदोक्ताचं प्रकरण सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं महाराजांना जवळजवळ सगळ्या प्रस्थापितांशी भांडावं लागलं. अशा वेळी इंग्रज अधिकाऱ्यांशी असलेली मैत्री त्यांना उपयोगी पडली.

चित्त्याच्या डोळ्यावरची टोपी

महाराजांची खरी आवड मात्र बंदुकीपेक्षा जनावरांची. साठमारीत हत्ती, पागेत घोडे आणि शिकारखान्यात चित्ते. चित्त्याकडून काळवीट मारवायचं हा खेळ भारतात मुघलांच्याही आधीपासूनचा. कोल्हापुरानं तो इतर बहुतेक संस्थानांपेक्षा जास्त काळ टिकवला.

तो चालायचा कसा, बघा. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी बांधून त्याला गाडीवर बसवायचं. काळवीट माणसाला बघून पळतं, पण बैलगाडी रोजचीच असल्यामुळं तिला फारसं बुजत नाही. गाडी हळूहळू, वळसे घेत कळपाजवळ न्यायची. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची, गळ्यातला पट्टा सोडायचा. पुढचं सगळं काही सेकंदांचं काम. चित्ता जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी, पण त्याचा दम लगेच सुटतो. पहिल्या धावेत काळवीट सापडलं तर सापडलं, नाहीतर तो बसून घेतो आणि तुम्ही काही केलं तरी हलत नाही. शिकार पडली की चित्तेवान धावत जायचा, चित्त्याला रक्ताचं किंवा मांसाचं आमिष दाखवून बाजूला घ्यायचा आणि टोपी परत डोळ्यांवर. इथं बंदुकीचं काही कामच नाही. काम आहे ते जनावराला रात्रंदिवस माणसांची सवय लावणाऱ्या चित्तेवानाचं. रायबाग, जे आज बेळगाव जिल्ह्यात आहे, तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं. तिथल्या मोकळ्या माळावर काळविटांचे कळप असायचे आणि या शिकारी व्हायच्या.

महाराजांचा ‘खडखडा’ही तुम्ही ऐकला असेल. नावाप्रमाणेच खडखड वाजणारी, झुली-गाद्या नसलेली घोडागाडी. राजा चांदीच्या रथातून नाही, तर या असल्या गाडीतून माळरान तुडवत जायचा. वाटेत कोणी हात केला की गाडी थांबायची. गाऱ्हाणं तिथंच ऐकलं जायचं.

पण या खेळाची किंमत जनावरांनी मोजली. त्या काळी चित्ता पिंजऱ्यात जवळजवळ वितच नसे. मुघल काळातली एखादी नोंद सोडली तर पाळीव चित्त्यांना पिल्लं झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला. शेकडो वर्षं हे चाललं आणि आपल्याकडचे चित्ते संपत आले. मग कोल्हापूर दरबारानं आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते एकाच रात्री मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, तो सोहळा तुम्ही मोबाईलवर लाइव्ह बघितला असेल. आफ्रिकेतून चित्ते आणायची वाट कोल्हापूरला त्याआधी शंभरएक वर्षांपासून माहीत होती. तेव्हा आणले ते शिकारीसाठी, आता आणले ते रानात सोडण्यासाठी.

महाराजांचा गौरव करताना हे झाकून ठेवायचं कारण नाही. त्या काळातला प्रत्येक संस्थानिक शिकार करत होता, हे खरं. त्या शिकारीनं आपली रानं रिकामी केली, हेही खरं.

शिकारी कोण आणि गुन्हेगार कोण?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडं येऊ.

रानात राजाच्या आधीपासून शिकार करणारे लोक होतेच. फासेपारधी. नावातच फास आहे. तित्तर, लाव्हे, ससे, हरणं पकडायला ते दोऱ्याचे, केसांचे फास लावतात. जनावराची वाट, वाऱ्याची दिशा, पावलाच्या ठशावरून गेलेला वेळ, हे ज्ञान त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. राजाच्या शिकारीलाही असल्याच माहितगारांची गरज लागते.

पण कायद्यानं काय केलं? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढं तो देशभर पसरवला. एखाद्या जातीत जन्माला आलात की जन्मापासून गुन्हेगार. चोरी केली नसली तरी पोलिसात किंवा गावच्या पाटलाकडं रोज हजेरी लावायची. हजेरी चुकली की शिक्षा. विचार करा, तीच रानवाट, तेच काळवीट. रायफल घेतलेला साहेब शिकारी ठरतो, फास घेतलेला पारधी गुन्हेगार.

ही विसंगती महाराजांना दिसली. त्यांनी फासेपाऱ्यांना शहाराबाहेर सोनतळीच्या कॅम्पच्या आसपास आणून वसवलं, राहायला जागा दिली, काम दिलं, राखणीची जबाबदारी दिली. ज्यांना सगळं जग चोर म्हणतं त्यांच्याच हातात पहारा द्यायचा, याला धाडस लागतं. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली. देशाला हा गुन्हेगारीचा शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं.

म्हणजे १९०२ चा ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम, १९०१ पासूनची वसतिगृहं, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात घेतलेला चहा, १९२० ची माणगाव परिषद, हे सगळं आपण वेगवेगळे मुद्दे म्हणून पाठ करतो. पण जो राजा महिना महिना तंबूत राहतो, हाकाऱ्यांबरोबर रान तुडवतो, चित्तेवानाबरोबर माळावर बसून वाट बघतो, त्याला माणूस जातीवरून नाही तर हातातल्या कामावरून ओळखायची सवय लागते. सगळ्याच संस्थानिकांना ती लागली नाही, कारण रानात जाऊनही ते फक्त जनावरं बघत राहिले. शाहू महाराजांनी माणसंही बघितली.

राधानगरीचंही थोडं तसंच. १९०७ मध्ये भोगावती नदी अडवायची योजना पुढं आली, फेजिवड्याजवळ. पुढं दाजीपूर, तेव्हा दरबाराच्या शिकारीचं जंगल. रान आणि पाणी माहीत असलेल्या राजानं तिथं धरण बांधायला काढलं आणि गाव वसवून त्याला नाव दिलं लाडक्या लेकीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं. लहानपणी गेलेल्या आईचं नावही राधाबाईच, हे आठवतंय ना? महायुद्धाच्या काळात पैशाअभावी काम थांबलं, पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. आज जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तुमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतात, ते हेच धरण.

जून १९१८

आणि आता तो घाव.

घोड्यावर बसून, भाल्यानं रानडुकराची शिकार करणं हा त्या काळातला सगळ्यात धोक्याचा मर्दानी खेळ मानला जायचा. डुक्कर शेताचं वैरी. ऊस, भुईमूग, रताळी, एका रात्रीत उलथून टाकतं. त्यामुळं शेतकरीही खूश. पण पळणारं डुक्कर एकदम वळतं, घोडा भरधाव, खाली खड्डे, नाले, काट्या. त्या वेगात पडलेला माणूस पुन्हा उठेल याची खात्री नाही.

महाराजांना दोन मुलगे. थोरले राजाराम, धाकटे शिवाजी. १९१७ च्या जूनमध्ये प्रिन्स शिवाजींचं लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या इंदुमतीदेवींशी झालं. वर्ष उलटलं आणि १२ जून १९१८ ला डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून शिवाजी गेले. वय १९. तुमच्या एवढेच. मागं राहिलेली सून ११ वर्षांची.

ज्या खेळात महाराजांनी स्वतः आयुष्य घालवलं, जो त्यांनी मुलांनाही शिकू दिला, त्या खेळानं पोटचा मुलगा नेला. बापाच्या मनात काय झालं असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा. पण त्यांनी पुढं काय केलं, ते इतिहासात आहे.

त्याआधीच्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. कायदा प्रजेसाठी करणं वेगळं आणि घरात विधवा सून असणं वेगळं. रूढी सांगत होती की या पोरीनं आता वाड्याच्या कोपऱ्यात बसावं. महाराजांनी तिला सोनतळीला नेलं, शिकवायला शिक्षक नेमले, एकटी पडू नये म्हणून सोबत आणखी काही मुली ठेवल्या. होय, तेच सोनतळी, जिथं फासेपाऱ्यांची वस्ती होती. सुनेनं डॉक्टर व्हावं, त्यासाठी दिल्लीला जावं, असा त्यांचा बेत होता. इंदुमतीदेवींचा पुनर्विवाह झाला नाही आणि त्या डॉक्टरही झाल्या नाहीत, कारण ६ मे १९२२ ला, मुंबईत, वयाच्या ४८ व्या वर्षाच्या आतच महाराज गेले. मागं त्यांची बाजू घेणारं तितकं खंबीर कोणी उरलं नाही. तरी इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या आणि पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाची कामं उभी केली. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं.

मुलगा गेल्यावर एखादा बाप सुनेला अपशकुनी ठरवून मोकळा झाला असता. तेव्हाच्या काळात तेच सोपं होतं. इथं बापानं तिच्या हातात पुस्तक दिलं. निबंधात दहा मुद्दे लिहिण्यापेक्षा ही एक गोष्ट नीट सांगितली तर परीक्षकाला शाहू महाराज जास्त समजतील, असं मला वाटतं.

आता रान कुणाचं?

१९५८ मध्ये दाजीपूरचं शिकारीचं जंगल गव्यांसाठी राखीव झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं सोडाच, काडतूस भरणंही १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळं ठासणीची बंदूक युट्यूबवर बघून घरी काही करायचा विचार असेल, तर तो इथंच सोडा.

पण प्रश्न मिटलेला नाही. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीतल्या तुमच्या मित्रांना विचारा. गवे उसात येतात, डुकरं भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करतात. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवे थेट कोल्हापूर शहराच्या कडेला आले होते. शेतकऱ्याला भरपाईसाठी फॉर्म, पंचनामा, फेऱ्या. रात्रीची राखण त्याला चुकलेली नाही. १८७८ मध्ये परवानगी मागणारा कुणबी आणि आजचा अर्ज भरणारा शेतकरी यांच्यात फार अंतर आहे, असं त्याला तरी वाटत नाही. रान वाचलं पाहिजे, हे शहरात बसून म्हणणं सोपं आहे. त्याची किंमत रानाच्या कडेचा माणूस मोजतो, हेही म्हटलं पाहिजे.

आणि बंदूक? ती कोल्हापुरातून गेलेली नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं आणलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्निल कुसाळे कांबळवाडीचा, म्हणजे राधानगरी तालुक्यातला. त्याच्या रायफलीचं पॉइंट २२ चं काडतूस एकदा उडालं की टाकून द्यावं लागतं, कारण त्यात ठिणगीचा मसाला टोपीत नसून बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि ती कड बार उडताना चेपते. ते परत भरताच येत नाही. समोर जनावर नाही, कागदाचं लक्ष्य आहे.

या सुट्टीत वेळ काढून न्यू पॅलेसमधलं संग्रहालय बघा. शस्त्रं आहेत, पेंढा भरलेली जनावरं आहेत, काचेचे डोळे लावलेले वाघ आहेत. बहुतेक जण सेल्फी काढून पुढं जातात. तुम्ही थोडं थांबा. त्या वाघाला हाकाऱ्यांनी कुठून उठवलं असेल, माग कोणी काढला असेल आणि त्या माणसाचं नाव तिथल्या पाटीवर आहे का, ते बघा. नसेल, तर जयंतीच्या भाषणात त्याच्यासाठी दोन मिनिटं ठेवा.